पंच महिपती

महिपतीला वाईट माणूस कोण म्हणेल? उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये पोलीस चौकीसमोर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. देशावरून आला तेव्हा हातात एक पंप, बस्स. पंक्चर काढावं, शेजारच्या सिंधी शेटबरोबर 'साईं, साईं' करत चहा प्यावा, आपण बरं की आपलं काम बरं.

एकच खोड होती, आणि तीही चौकीनेच लावलेली. दारू पकडली, सुरा सापडला की पंचनाम्यावर सही करायला दोन पंच लागतात. ते कोण शोधत बसणार? हवालदार अनंता दारातूनच हाक मारी, "महिपती, ये रे, सही ठोकून जा." हा ग्रीसचे हात पुसायचा नि ठोकायचा. कागद वाचला नाही, माल पाहिला नाही. कधीकधी तर कागद कोराच असायचा. त्या बदल्यात फुटपाथवरचं त्याचं दुकान कुणी हलवलं नाही. "आपल्या बापाचं काय जातं?" म्हणायचा. चौदा वर्षं हेच!

मग एक्याण्णव साली, सकाळी अकरा वाजता, त्याच्या दुकानासमोर देऊला मारलं. देऊ बारवी धरणाकडच्या कातकरी वाडीतला, इथे हातगाडी ओढायचा. ती गाडी एका पुढाऱ्याच्या जीपला घासली, एवढाच गुन्हा. जीपमधून तिघे उतरले आणि लोखंडी पाइपने त्याला जागीच संपवला. सगळा बाजार बघत होता, आणि पोलीस विचारायला लागले तसा सगळा बाजार आंधळा झाला. महिपतीसुद्धा.

पण देऊची बायको जिवली त्याला सोडीना. आठवड्यातून एकदा यायची, टायरांच्या ढिगाशेजारी बसायची. "भाऊ, तुमी बघितला ना?" एवढंच विचारायची. बाईने शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं! शेवटी महिपती साक्षीला तयार झाला. घरी त्याच्या बायकोने, कौसाबाईने, कपाळ बडवून घेतलं, "पोरांना उघड्यावर पाडाल हो!" पुढच्याच महिन्यात दुकान जळलं. तरी गडी हटला नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगायची ही त्याची पहिलीच वेळ होती.

कल्याणच्या कोर्टात त्याने तिघांकडे बोट करून सगळं न अडखळता सांगितलं. मग त्यांचा वकील उठला. हातात जुन्या पंचनाम्यांच्या नकला.

"बारा मार्च, दुपारी तीन. अंबरनाथच्या वेशीवर तुमच्यासमोर दारू पकडली?"

"हो," महिपतीच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"त्याच दिवशी, त्याच वेळी, स्टेशनजवळ तुमच्यासमोर सुरा सापडला. ही सही कुणाची?"

महिपतीने वाकून कागद पाहिला. "माझीच."

"मग खरं काय?"

"दोन्हीकडे नव्हतो, साहेब. दुकानात बसून सह्या केल्या. पण देऊला मारताना मी पाहिलंय हो! देवाशपथ पाहिलंय!"

मागच्या बाकांवर लोक हसले. दुसरा साक्षीदार नव्हताच. तिघे सुटले, आणि बाहेर हारतुरे झाले.

जिवली कोर्टाच्या पायरीवर बसली होती. महिपतीने तिच्यापुढे हात जोडले. "बाई, या वेळी खरं सांगितलं होतं गं."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. मग थोडा विचार करून तिने विचारलं, "पन भाऊ, त्या दुसऱ्या कागदांवर ज्यांना आत घातला, ती मानसं कोन व्हती?"

महिपती आठवू लागला. चौदा वर्षांतलं एकही नाव त्याला सांगता येईना. त्याने ती कधी वाचलीच नव्हती.