काटे कुठल्या बाजूला

राहुरीच्या आठवडे बाजारात चांगुणाबाई बैलांचा साज विकतात. वय एकसष्ट. बैल कमी झाले तसे त्यांच्याकडे कुत्र्यांचे पट्टे मागणारे वाढले. उसात बिबटे आहेत, वस्तीवर दांडगं कुत्रं लागतंच. पण कुत्रं पाहिल्याशिवाय त्या पट्टा देत नाहीत. गिऱ्हाईक चिडून गेलं तरी.

गेल्या डिसेंबरात आदिनाथ नावाचा शेतकरी एक काटेरी साखळीपट्टा घेऊन आला. मोबाईलवरून मागवलेला.

"मावशी, हा जरा ढिल्ला करा. कुत्र्याची मान सोलली."

या भागात मेंढपाळांच्या कुत्र्यांना बाहेर काटे असलेले पट्टे घालतात. बिबट्यानं मान धरली, की काटे त्याच्याच जबड्यात घुसतात. आदिनाथनं फोटोत काटे पाहिले आणि पट्टा मागवला. हा मात्र ओढ घेणाऱ्या कुत्र्याला आतल्या काट्यांनी टोचून वठणीवर आणायचा पट्टा होता.

चांगुणाबाईंनी तो स्वतःच्या मनगटात घालून ओढला.

"काटे कुनासाठी घेतले?"

"बिबट्यासाठी."

"मग आत कशाला? बिबट्या काय कुत्र्याच्या नरड्यातून येनार हाय?"

शेजारचा भाजीवाला हसला. आदिनाथ हसला नाही. कुत्र्यानं, खंड्यानं, आधीच आदिनाथच्या आईला, दगडाबाईंना, ओढून पाडलं होतं. आता मानेकडे हात नेला की तो चावायला उठत होता. रविवारी त्याला लांब नेऊन सोडायचं, असं घरात ठरलं होतं.

"कुठंय कुत्रं?"

"टेम्पोत."

चांगुणाबाई भाकरीचा तुकडा घेऊन टेम्पोत चढल्या आणि अर्धा तास नुसत्या बसल्या. मग मानेला हात न लावता छातीचं माप घेतलं. रुंद, मऊ नवारीचा छातीपट्टा शिवला आणि दोरीची कडी पुढे, छातीवर बसवली. कुत्र्यानं ओढ घेतली की ते आपोआप बाजूला वळतं, पुढे जोर लागत नाही.

"बैलाचा गळा आवळून कुनी नांगर वढलाय का? भार खांद्यावर असतो. ह्याचा छातीवर." पट्ट्याखाली दोन बोटं सरकतात, हे त्यांनी आदिनाथला करून पाहायला लावलं. "यानं वढलं की थांबायचं. दोरी सैल झाली की चालायचं. आठ दिवस शाळा तुझी हाय, त्याची न्हाई."

"आन् बिबट्या?"

"मानेची जखम भरंस्तवर गोठ्यात बांध, दार लावून. मग बाहेर काट्यांचा पट्टा मीच करून देते."

रविवार गेला. पुढच्या बाजाराला खंड्याला घेऊन दगडाबाई स्वतः आल्या. दोरी सैल होती. तक्रार मात्र होती.

"ह्याला आता मीच फिरवते. पन बाई, तुझं बक्कल लई घट्ट. माझ्या बोटांनी निघंना."

चांगुणाबाईंनी तिथंच बक्कल उसवलं, मोठं लावलं आणि दगडाबाईंकडून ते तीनदा उघडून घेतलं.