टोपलीत खोचलेलं जांभूळ

मोठ्या गोऱ्या साहेबांची व्हिजिट आठवड्यावर आली होती आणि जांभळाचं बी पेरलेल्या टोपल्यांत एकही कोंब नव्हता. सोमाटण्याजवळच्या सरकारी नर्सरीचा मी इन्चार्ज. एक बी उकरून चाकूनं कापलं. जिवंत बी आतून हिरवट, ओलसर असतं. हे तपकिरी आणि सुकलेलं होतं. दुसरंही तसंच.

सागाचं बी वर्षभर पोत्यात पडलं तरी बिघडत नाही, उलट बरं उगवतं. तोच नियम मी जांभळाला लावला. गेल्या मोसमातलं बी उन्हात खडखडीत वाळवून डब्यात बंद केलं. पण जांभळाच्या बियाचा जीव त्याच्या ओलाव्यात असतो. वर्षभर मी मुडदेच जपत होतो.

रेंजरसाहेब म्हणाले, "कारणं नकोत. व्हिजिटला हिरवं दिसलं पाहिजे."

"फांद्या खोचू का?"

"मी काही ऐकलं नाही," म्हणत ते सायकलवर बसले.

मी प्रत्येक टोपलीत जांभळाची एकेक फांदी खोचली. पावसाळी हवेत ओली फांदी आठवडाभर सहज हिरवी राहते. मोठे साहेब आले, खूश झाले, माझी पाठ थोपटली. जाता जाता हुकूम सोडला, "जमलेल्या गावकऱ्यांना रोपं वाटून टाका." माझ्या तोंडचं पाणी पळालं.

बैलांना नाल ठोकणारे, शेजारच्या इंदुरी गावचे हुसेनभाई सगळ्यांत पुढे होते. त्यांची बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं. "आमच्या अमिनाच्या कबरीवर लय ऊन येतं," ते म्हणाले. साहेब शेजारीच उभे होते. मी गुपचूप टोपली हुसेनभाईंच्या हातात दिली.

बाकीच्यांनी वाळलेल्या काड्या निमूट फेकल्या असाव्यात. सरकारी झाड जगत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हुसेनभाई मात्र दोन आठवड्यांनी ती काडी फडक्यात गुंडाळून घेऊन आले.

"सायेब, माजंच चुकलं. पानी लय घातलं, मुळं कुजली बगा."

मी सांगून टाकलं, "हुसेनभाई, याला मुळं नव्हतीच. ही फांदी आहे. मीच खोचली होती."

त्यांनी काडी पुन्हा फडक्यात गुंडाळली. मग म्हणाले, "वली फांदी कबरीवर ठिवायची आमच्यात रीतच हाय. ती म्या माज्या हातानं ठिवली असती. तुमच्याकडं सावली मागाया आलतो."

नर्सरीतल्या झाडाखाली शेवटची जांभळं पडली होती. मूठभर उचलली, गर धुतला, बी ओल्या फडक्यात बांधलं. "हे आजच लावायचं."

"ह्ये तरी जितं हाय न्हवं?"

जे बी कापून दाखवावं ते लावता येत नाही आणि जे लावायचं ते कापता येत नाही. आणि माझ्या शब्दावर त्यांनी का विश्वास ठेवावा? मी त्यांच्याबरोबर इंदुरीला गेलो आणि कबरीच्या उशाशी बसून स्वतः बी लावलं.

कोंब आल्याचं मला दुसऱ्याकडून कळलं. हुसेनभाई पुन्हा नर्सरीत आले नाहीत.

जांभूळ खाल्ल्या दिवशीच त्याचं बी लावावं. चूकही झाल्या दिवशीच सांगावी. दोन्ही ठेवणीतल्या वस्तू नव्हेत.