नाताळचं कोकरू

मला एक सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा कुणावर? गिऱ्हाईकाच्या तोंडावर, का स्वतःच्या अनुभवावर? मी म्हणायचो, अनुभवावर! आता त्या अनुभवानं मला कुठं नेऊन उभं केलं, खरं तर उभंही नाही, ते काय सांगू तुम्हाला. चहा घ्या आधी. हसताना सांडू नका म्हणजे झालं.

जुन्नरच्या पेठेत माझं किराणा दुकान. शाळा फार झाली नाही, पण गिऱ्हाईक ओळखावं तर मीच. माणूस ‘पोहे’ म्हणायच्या आत मला कळतं, जाड का पातळ. त्यामुळं समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची सवयच उरली नाही.

साळवे बाई आमच्या जुन्या शेजारी. शाळेतून निवृत्त झाल्या आणि चर्चमधल्या पोरांचं सगळं बघू लागल्या. दिवाळीत आमचं ताट त्यांच्याकडं जातं, नाताळात त्यांचं आमच्याकडं येतं. त्यांच्या करंज्या अशा खुसखुशीत, की आमची कमल दरवर्षी म्हणते, “यात मोहन किती घालतात ते एकदा विचारा हो!” मी कशाला विचारतोय!

तर डिसेंबरात बाई दुकानात आल्या. म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या भावकीत अजून मेंढरं आहेत ना? यंदा नाताळाला चर्चमध्ये आम्हाला एक कोकरू…”

“बास!” मी हात वर केला. “पुढं बोलूच नका. कोकरू माझ्याकडून!”

“अहो, पण ऐका तरी…”

“बाई, आमी मूळचे मेंढरंवाले. कोकराचं आमाला सांगता व्हय? किती वाजता आणू तेवढं बोला.”

“पाचला,” बाई म्हणाल्या. चेहरा इतका उजळला त्यांचा, की मलाच भरून आलं. केवढं मोठं मन आपलं!

रात्री कमल म्हणाली, “नीट विचारलं का, कशाला पायजे?”

“सणाला कोकरू कशाला लागतं गं? ओवाळायला?”

आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? आमच्याकडं सणाला कोकरू मागितलं की मसाला वाटायला बसतात, विचारत बसत नाहीत!

चुलतभाऊ जवळच्याच आळे गावात राहतो. त्याच्याकडून कोकरू आणलं, खाटकाकडून साफ करून घेतलं. कमलनं खोबरं भाजून असा रस्सा केला, की अर्धी आळी दारात येऊन विनाकारण वेळ विचारून गेली.

नाताळच्या दिवशी पाचच्या ठोक्याला मी आणि कमलनं रिक्षातून पातेलं उतरवलं. चर्चच्या अंगणात कडबा पसरलेला. लाकडी गव्हाण, गव्हाणीत दुपट्यात गुंडाळलेली बाहुली. पोरं डोक्याला फडकी बांधून, हातात काठ्या घेऊन उभी. आमच्या आज्याचा लहानपणचा फोटो असता तर असाच दिसला असता!

“कोकरू आलं! कोकरू आलं!” पोरं धावली. सगळ्यात पुढं बाईंची सात वर्षांची नात, रूथ.

“काका, कुठाय?”

मी ऐटीत झाकण काढलं.

वाफ वर गेली. रूथनं आत वाकून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि जे भोकाड पसरलं!

बाई धावत आल्या. “भाऊ, हे काय?”

“कोकरू,” मी म्हणालो. आता याहून वेगळं काय म्हणणार?

“अहो, देखाव्यासाठी हवं होतं! मेंढपाळ बाळ येशूला कोकरू आणून देतात ना!”

माझं डोकं अजून रश्श्यातच. “देऊ की! बाळाला तिखट नको म्हणून अळणी येगळं काढलंय.”

बाईंनी कपाळाला हात लावला.

लगेच चुलतभावाला फोन लावला. “दादा, एखादं मेंढरू पाठव. जितंजागतं!”

“आरं, मेंढरांचा आख्खा वाडा चरायला कोकणात उतरलाय. घरी एकच व्हतं, ते तूच नेलंस की!”

साडेपाच वाजले. लोक येऊन बसायला लागले. रूथ हुंदके देत होती, “माझं एकच वाक्य हाय… ते कोकराचंच हाय…” महिनाभर पाठ केलेलं वाक्य, आणि त्या वाक्याला मी फोडणी दिलेली!

बाईंनी कोपऱ्यातल्या काळ्या घोंगडीकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

“बाई, तसं बघू नका.”

त्या बघतच राहिल्या.

तर मंडळी, पेठेतला प्रतिष्ठित व्यापारी, नव्वद किलोचं कोकरू, घोंगडी पांघरून चार पायांवर कडब्यातनं निघालं! गुडघे कुरकुरतायत, नाकात कडबा जातोय, लोक रुमालात तोंड खुपसून हसतायत.

गव्हाणीपाशी रूथनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. “बाळा, आमच्याकडं सोनं न्हाई, चांदी न्हाई. आमचं लाडकं कोकरू हाय, ते तू घे.”

मागून बाई सांगत होत्या, की देवाच्या जन्माची बातमी सगळ्यांत आधी कळली ती रानात थंडीत बसलेल्या मेंढरंवाल्यांना. राजाला नाही, सावकाराला नाही. खरं सांगतो, घोंगडीच्या आत माझे डोळे भरले. आमच्या आज्याला गावात कुणी ओट्यावर बसवत नसे, आणि इथं देवानं पहिला निरोप त्याच्यासारख्यालाच धाडलेला! ‘बें’ करायचं ठरलं होतं, पण मी आपला घोंगडीच्या टोकानं डोळेच पुसत बसलो.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कमलचा आवाज, “अहो, वरडा की! पोरगी थांबलीय!”

ओरडलो. रूथ खुदकन हसली. टाळ्या काय पडल्या म्हणता!

नंतर सगळ्यांनी अंगणात बसून रस्सा-भाकरी खाल्ली. हा किस्सा आता तुम्ही चार ठिकाणी सांगणार, मला माहीत आहे. सांगा, राव! फक्त हिशेब खरा ठेवा. त्या दिवशी चर्चमध्ये कोकरं दोन आली. त्यातलं एक लोकांनी पुन्हापुन्हा मागून घेतलं. दुसऱ्याला ‘पुढच्या वर्षी नको’ म्हणून सांगितलं. कुठलं कुठलं, त्याची अदलाबदल तेवढी करू नका.