सानगडीला न गेलेलं आमंत्रण

मुलीच्या लग्नाची कामं मी वहीत झालेली, चालू आणि राहिलेली अशी मांडली होती. आमंत्रणांचं पान सगळ्यात भरलेलं. आमच्याकडे जवळच्या माणसाला नुसती पत्रिका चालत नाही. घरी जाऊन हळदीचे तांदूळ हातावर ठेवायचे, मगच ते माणूस लग्नाला येतं. भंडाऱ्यातली आणि कारध्याची घरं मी नवऱ्याबरोबर फिरून उरकली. सानगडी राहिली. तिथं माझी मावशी. आई गेल्यावर माझी दोन्ही बाळंतपणं तिनंच केली.

जाऊन यायला अख्खा दिवस मोडला असता. मी फोनवर लांबच्या सगळ्या नातेवाइकांची एक यादी केली, पत्रिकेचा फोटो टाकला, खाली आग्रहाच्या चार ओळी लिहिल्या आणि एकदाच बटण दाबलं. संदेशाखाली बरोबरची खूण उमटली. मी वहीतही केली.

मावशी आली नाही. हळदीला नाही, लग्नालाही नाही. मांडवात जो तो विचारत होता, आणि आहेराच्या पिशव्या सांभाळत मी सांगत सुटले, "बोलावलं होतं. मोठेपणा करायचा असेल तर मी काय करू?"

लग्नानंतर मिठाईचा डबा घेऊन सानगडीला गेले, ती घुश्शातच. मावशी दारात उभी.

"झालं म्हणते पोरीचं लगन."

"तू काहून नाही आली मावशी? मेसेज पाठवला होता ना."

"कोणाच्या घरी पाठवला वो? आमच्या घरी त नाही आला."

तिची सून फोन घेऊन बाहेर आली. फोन नवा, जुने नंबर गेलेले. तिनं वरखाली शोधलं. माझं काहीच नव्हतं. मग तीच म्हणाली, "ताई, समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केला नसंल त असा सगळ्यायले धाडलेला मेसेज जातच नाही. आमच्या बचत गटात बी असंच झालं. मीटिंगले निम्म्या बाया आल्याच नाही."

ओसरीवर बसून मी फोनमधल्या त्या अ‍ॅपची मदतीची पानं धुंडाळली. लिहिलं होतं, पार आत, एका ओळीत. मी तावातावानं बोलू लागले. बटण दाबतानाच ही ओळ दाखवायला या कंपन्यांचं काय जातं? कोणाला पोचलं नाही ते सरळ का सांगत नाहीत? सगळं खरंच होतं. मलाच माझा आवाज ऐकू आला आणि मी थांबले.

"बाया म्हणे, जाय ना, तुहीच पोरगी हाय," मावशी म्हणाली. "मी म्हटलं, तांदूळ घेऊन येईलच ते. हळदीच्या दिवशी बी दुपारवरी वाट पायली."

मांडवात मी काय काय बोलले ते तिच्या कानावर आलं होतं का, हे विचारायचं धाडस झालं नाही. चुकलं म्हणाले. "राहू दे," ती म्हणाली, "लगनाघरी गडबड रायतेच."

सून चहा ठेवायला उठली. त्या घरात मी कायम चुलीपाशी पाटावर बसून स्टीलच्या गिलासात चहा प्यायले. उठून तिच्यामागे आत जाणार, तेवढ्यात मावशीनं मला खुर्ची पुढे केली आणि आत हाक दिली,

"कपबशीत आण वो. पाहुणी हाय."