चिंचेनं घासलेली पट्टी

शुभदाताईंचं तोंड दुधानं कधी पोळलं नव्हतं, तरी त्या ताक फुंकूनच प्यायच्या. सिंगापुरात एका बँकेत तीस वर्षं त्यांनी लोकांचे कागद तपासले. निवृत्तीनंतर कागद संपले, नजर तशीच राहिली. मी तिथल्याच क्लेमेंटी भागात त्यांच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते. त्या नजरेतून मीही सुटले नाही.

त्यांच्याकडे भाड्यानं राहणारी अश्लेषा युनिव्हर्सिटीत जुन्या धातूंवर संशोधन करायची. एका शनिवारी ती जर्मनीहून परतली, छोटी पेटी छातीशी धरून. लॅब सोमवारी उघडणार, तोवर पेटी कपाटात. रविवारी ती बाहेर पडताच ताईंनी मला बोलावलं. कुलूप नसलेलं कपाट म्हणजे त्यांना आमंत्रणच.

पेटीत बोटभर पट्टी होती, हिरवट, मातीनं माखलेली. "चोरीचा माल आहे, मेधा. कुठल्यातरी म्युझियमचा शिक्का असणार," ताई म्हणाल्या. मी नको म्हणेपर्यंत चिंच भिजलीसुद्धा. देवघरातलं ताम्हन घासावं तशी त्यांनी ती पट्टी चिंच-मिठानं लख्ख घासली. शिक्का निघाला नाही. मग तो आधीच कोणीतरी पुसला असणार, असं ठरवून त्यांनी पट्टी परत पेटीत ठेवली. मीही गप्प बसले, हे कबूल करते.

सोमवारी अश्लेषा दुपारीच परतली, डोळे सुजलेले. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन सैन्य आणि जर्मन टोळ्या जिथं लढल्या, त्या रानातून निघालेली ती चिलखताची पितळी पट्टी होती. पळणाऱ्या शिपायाच्या अंगावरून ती पडली, की जिंकणाऱ्यांनी वितळवायला कापून घेतली, हे कडेची माती आणि तो हिरवा थर पाहून ठरणार होतं. आता ते कधीच कळणार नव्हतं. विकण्यासाठी तिनंच ती चमकवली, असा प्रोफेसरांना संशय आला होता. नोकरी आणि तिच्यावरच मिळालेला सिंगापुरात राहायचा पास, दोन्ही जायची वेळ आली होती.

ताईंचा चेहरा उतरला. जन्मभर पुरावे शोधणाऱ्या बाईनं पुरावाच धुऊन टाकला होता.

"मी घासली," त्या म्हणाल्या.

तसं पत्र लिहून, खाली सही करून त्यांनी ते प्रोफेसरांना स्वतः नेऊन दिलं. साक्षीदार म्हणून मीही सही केली. अश्लेषाची नोकरी वाचली.

महिनाअखेर तिनं खोली सोडली. टॅक्सी खाली उभी होती. निघण्याआधी तिनं हॉलमध्ये दोन्ही बॅगा उघडल्या, कपडे बाजूला सारले.

"काकू, एकदा बघून घ्या," ती ताईंना म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. ताई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि मी खाली बसून एकेक चेन लावत गेले.