सुखनाचे मासे आणि घरमालकिणीचा बर्फ

पंजाब पेटलेला होता त्या वर्षांत मी चंदीगडला माशांची पोटं फाडून पाहायची नोकरी करत होतो. सुखना तलावात एकाच जातीचे मासे काठच्या गवतात आखूड, रुंद पाठीचे निघत आणि मधल्या खोल पाण्यात सडपातळ. काठचे गोगलगायी-किडे खातात, मधले पाण्यात तरंगणारे बारीक जीव, म्हणून हा फरक, असा माझा अंदाज. पुरावा त्यांच्या पोटात.

बंदोबस्तामुळे जाळं टाकायची परवानगी एकदाच मिळाली. मासे पिशवीत घालून निघालो, तर वाटेतच कर्फ्यू लागला. मासे टिकवायचं फॉर्मलिन, सूक्ष्मदर्शक सगळं बंद प्रयोगशाळेत, आणि मी पिशवीसकट सेक्टर बावीसच्या भाड्याच्या खोलीत.

फ्रिज वरच्या मजल्यावर घरमालकिणीकडे, आणि त्या पक्क्या शाकाहारी. जिन्यावरूनच म्हणाल्या, "मछली ऊपर नहीं आएगी जी. बर्फ जितनी मर्ज़ी ले जाओ."

बर्फाचे ट्रे खाली येत राहिले. दुपारी वीज गेली.

बायको मालवणची. "अहो, आता तरी तळू द्या."

"अगं, पोटातलं विरघळतंय त्यांच्या!"

"मग तर लवकरच तळायला हवेत."

मी नाही म्हणालो. कर्फ्यू उठेपर्यंत पोटांत नुसती पेज झाली होती, आणि मासे तळण्याच्याही पलीकडे गेले होते. काठचा कोण, खोलातला कोण, हे अंगावरून अजून स्वच्छ दिसत होतं. खाल्लं काय होतं, ते मात्र आता कुणालाच कळणार नव्हतं. बायकोने नाकाला पदर लावला आणि दार उघडून धरलं.