ठमाबाईंची झोप

चामोर्शीला ट्रॅक्टरचं शोरूम टाकण्याआधी आमचे मालक देवरावभाऊ झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक होते. दुःख एकच. त्यांच्या पत्नी ठमाबाई हौसेनं पहिल्या रांगेत बसायच्या आणि पहिला प्रवेश संपायच्या आत घोरायच्या. भाऊंच्या राक्षसी हसण्यानंही त्या कधी उठल्या नाहीत.

यंदा शोरूमसाठी जनसंपर्क एजन्सी निवडायची होती. भाऊंनी परीक्षक म्हणून ठमाबाईंनाच बसवलं. पहिल्या एजन्सीनं पडद्यावर ट्रॅक्टर आकाशात उडवला. ठमाबाई घोरल्या. दुसरीनं ढोलताशे वाजवले, तर त्या आणखी गाढ झोपल्या.

मग गडचिरोलीच्या एजन्सीची मयुरी आली. लॅपटॉप उघडता उघडता तिनं सहज विचारलं, "बाई, पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसून कुठी गेल्या होत्या जी?"

ठमाबाई ताठ बसल्या. भावाच्या वरातीत ट्रॅक्टर चिखलात कसा फसला आणि नवरदेवानं कसा ढकलला, हे त्या हातवारे करत सांगत सुटल्या. लॅपटॉप तसाच राहिला.

"काम तुलेच!" भाऊ मयुरीला म्हणाले. मग बायकोकडे वळले. "माह्या नाटकात काऊन झोपत होती वं?"

"तुमी मले कधी काही इचारलं का? जिंदगीभर नुसतं हाहाहा करून राह्यले!"